भुशापासून इथेनॉल: यीस्टच्या मण्यांसाठी फूड ग्रेड सोडियम अल्जिनेट

लाकडाच्या भुशातल्या साखरेचं इथेनॉल करताना यीस्ट जेलच्या छोट्या मण्यांत कोंडायचं तर सोडियम अल्जिनेटसारखी (समुद्री शेवाळातून मिळणारी) सोपी पावडर नाही. कॉलेजच्या प्रयोगाला महागडी लॅब ग्रेड लागत नाही, फूड ग्रेड पुरते. पाकिटावर गुलुरॉनिक आम्लाचं (अल्जिनेटचा एक घटक) प्रमाण दिलेलं असेल तर जास्तवाली घ्या. मणी टणक होतात.

१०० मिली पाण्याला ३ ग्रॅम पावडर, तीही पाणी ढवळत चिमूटचिमूट भुरभुरून. एकदम ओतली की आतून कोरड्या गुठळ्या राहतात. रात्रभर ठेवून बुडबुडे जाऊ द्यावेत. मग कोमट पाण्यात भिजवलेलं ५ ग्रॅम बेकरी यीस्ट मिसळून सिरिंजने २ टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंब सोडावेत आणि तासभर मुरू द्यावेत. मण्यांना शेपट्या फुटल्या तर मिश्रण फार दाट आहे.

इथपर्यंत पावडरला पूर्ण गुण. खरी परीक्षा लाकडाच्या साखरेत होते. बाभळीसारख्या कठीण लाकडाचा भुसा १ टक्का सल्फ्युरिक आम्लात १२१ अंशांवर तासभर ठेवला तर मुख्यतः झायलोज ही साखर सुटते, आणि ती बेकरी यीस्टला पचत नाही. ग्लुकोज हवं तर उरलेला चोथा स्वच्छ धुऊन सेल्युलेज (सेल्युलोज तोडून ग्लुकोज सोडणारं विकर) लावायचं: ५० अंश, पीएच ४.८. बहुतेक कृतींत इथे सायट्रेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) असतो, आणि घात तिथेच होतो. मणी घट्ट धरणारं कॅल्शियम सायट्रेट ओढून घेतं. मणी फुगतात, मऊ पडतात, शेवटी यीस्ट बाहेर येऊन द्रावण गढूळ होतं. फॉस्फेटचंही तेच. दोष मात्र पावडरीला दिला जातो! त्याऐवजी ०.०५ मोलर एसिटेट बफर वापरा (त्याहून तीव्र नको, ॲसेटिक आम्ल यीस्टला जाचतं). साखर सुटली की द्रावण ३० अंशांवर आणून ०.२ टक्के कॅल्शियम क्लोराइड घाला, मगच मणी सोडा. पीएच वाढवायलाही कॉस्टिक सोड्याऐवजी चुना बरा, कारण जास्त सोडियमनेही मणी सैल होतात.

आंबवताना मणी वर तरंगले तर घाबरू नका, तो कार्बन डायऑक्साइड आहे. ते फुटू लागले तर पुढच्या वेळी बारीक सुई लावून लहान करा. फ्लास्क रोज तोला: १ ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलं तर वजन सुमारे ०.४९ ग्रॅमने घटतं आणि इथेनॉल जास्तीत जास्त ०.५१ ग्रॅम मिळतं. ऊर्ध्वपातनाआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी हवीच.

मणी पुन्हा वापरायचे असतील तर प्रत्येक खेपेनंतर कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात धुऊन फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवा. बोटांत दाबल्यावर चिकट लागले तर टाकून द्या.