चुलीचा वैल की स्वतःचा हीट पंप? हॅम्बुर्गमध्ये घर घेणाऱ्यांसाठी

ओळखीतली दोन मराठी कुटुंबं सध्या हॅम्बुर्गमध्ये घर शोधतायत. दोघांनीही मला एकच प्रश्न विचारला: शहराच्या पाइपातून गरम पाणी येणारा, म्हणजे फेर्नवेर्मेवाला फ्लॅट घ्यावा, की जुनं घर घेऊन त्यात हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या जोरावर घरात खेचून आणणारं यंत्र, बसवावा? मी स्वतः फेर्नवेर्मेच्या इमारतीत राहतो, तेव्हा माझा कल कुठे आहे ते आधीच सांगतो. पण आंधळेपणाने सल्ला द्यायचा नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आजीच्या चुलीला बाजूला वैल होता. पुढे तव्यावर भाकरी, आणि चुलीतून उरलेल्या धगीवर वैलावर आमटी. आमटीसाठी वेगळं लाकूड कधी लागलं नाही. एल्बे नदीपलीकडचा औरुबिस कंपनीचा तांब्याचा कारखाना हॅम्बुर्गसाठी तेच करतो. तांब्याच्या खनिजात गंधक असतं. खनिज वितळवताना त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो. हा वायू हवेत सोडता येत नाही, म्हणून त्याचं सल्फ्युरिक आम्ल बनवतात, आणि ते बनताना आपोआप प्रचंड उष्णता निघते. ही उष्णता पूर्वी नदीच्या पाण्याने थंड करून घालवली जायची. २०१८ पासून तीच सुमारे ९० अंशांच्या पाण्यातून हाफेनसिटी या वस्तीच्या पूर्व भागातल्या घरांपर्यंत पोहोचते.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ही धग रासायनिक क्रियेतून येते, कोळशातून नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यांची उष्णता घरांना मिळते. वाया जाण्यापेक्षा ते उत्तमच, पण उद्या तेल वापरणं कमी झालं की ती धगही कमी होणार. तांबं मात्र विजेच्या तारांना, मोटारींना आणि हीट पंपालाही लागणारच आहे.

मात्र फेर्नवेर्मे म्हटलं की कारखान्याचीच उष्णता, असं समजू नका. हॅम्बुर्गच्या मोठ्या जाळ्यात वेडेल आणि टीफश्टाकच्या कोळशावरच्या केंद्रांनी वर्षानुवर्षं उष्णता पुरवली आहे. २०१३ च्या सार्वमतात लोकांनी अगदी थोडक्या बहुमताने ठरवलं, की ऊर्जेची जाळी शहराने परत विकत घ्यावीत. त्यातलं उष्णतेचं जाळं २०१९ मध्ये शहराकडे आलं. कोळसा काढून टाकण्याचं काम त्यानंतर शहराच्याच हातात आलं, आणि मला हा त्या सार्वमताचा फार मोठा फायदा वाटतो. तरीही तुमच्या इमारतीचा पाइप नेमका कोणत्या जाळ्याचा, हे विचारल्याशिवाय सही करू नका.

आता रोजच्या वापराचं. आमच्या तळघरात कपाटाएवढी एक पेटी आहे. चंदेरी आवरणातले दोन पाइप भिंतीतून आत येतात. एकाजवळ हात नेला की ऊब लागते, दुसऱ्यातून पाणी बरंच निवून परत जातं. ज्योत नाही, धुराडं नाही, घरात आवाज नाही. हीट पंपाचं बाहेरचं युनिट मात्र पंख्यासह अंगणात बसतं. निव्वळ निवासी भागात रात्री शेजाऱ्याच्या खिडकीशी ३५ डेसिबलची मर्यादा आहे. घरं दाटीने असतील तर जागा शोधतानाच घाम फुटतो.

हीट पंप १ युनिट विजेत साधारण ३ ते ४ युनिट उष्णता देतो, पण घरात फरशीखाली हीटिंग असेल आणि ३५ अंशांचं पाणी पुरत असेल तर. जुन्या घरातल्या छोट्या रेडिएटरना ५५-६० अंश लागत असतील तर हा आकडा खाली येतो आणि बिल वर जातं. अशा घरात आधी खिडक्या आणि भिंतींचं इन्सुलेशन बघा, पंप नंतर.

पैशांच्या बाबतीत हीट पंपाचा सुरुवातीचा खर्च मोठा. २०२४ च्या नियमांप्रमाणे जुनी हीटिंग बदलताना एका घराला ३०,००० युरोपर्यंतच्या खर्चावर जास्तीत जास्त ७० टक्के अनुदान मिळू शकतं. फेर्नवेर्मेत सुरुवातीला कमी पैसे जातात, पण पुरवठादार एकच. वीज कंपनी बदलता येते, ही बदलता येत नाही. करार पहिल्या खेपेला १० वर्षांपर्यंतचा असू शकतो, आणि दर कशाच्या भावाशी बांधलाय हे दरबदलाच्या कलमात लिहिलेलं असतं. गॅसच्या भावाशी बांधलेला असेल, तर कारखान्याची फुकट धग घेऊनही तुमचं बिल गॅसबरोबर चढेल. हे कलम शब्द न् शब्द वाचा, जर्मन अडलं तर कुणाला तरी वाचून दाखवायला सांगा.

गॅस बॉयलरवरचं घर स्वस्तात मिळतंय म्हणून भुलू नका. गॅसवरचा कार्बन-भार २०२१ मध्ये कार्बन डायऑक्साइडच्या टनाला २५ युरो होता, २०२५ मध्ये ५५ झाला.

मी काय करेन? वाया जाणाऱ्या उष्णतेचा पाइप दारावरून जात असेल तर डोळे मिटून नाही, पण कलम वाचून तोच घेईन. पाइप नसेल, तर तो कधीतरी येईल म्हणून थांबणार नाही. हीट पंप बसवेन. घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघराआधी तळघर दाखवायला सांगा, आणि मागच्या तीन वर्षांची हीटिंगची बिलं मागून घ्या.