पॅन्टोग्राफवर लाँगआर्म शिकताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

लाँगआर्म म्हणजे क्विल्ट, गोधडीसारखं थरांचं पांघरूण, शिवायचं मोठं मशीन. त्यावर पहिल्यांदा उभं राहणाऱ्याला सगळे एकच सल्ला देतात: आधी पॅन्टोग्राफ कर, म्हणजे छापील नक्षी गिरव, हाताने डिझाइन काढायचं नंतर बघू. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. रेषेवरून लाल ठिपका फिरवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग निघतो. गेल्या हिवाळ्यापासून मी ह्यूस्टनजवळच्या एका क्विल्ट शॉपमध्ये तासावर मशीन घेऊन पॅन्टो करते आहे. बेबी क्विल्ट, लॅप क्विल्ट, एक भलीमोठी क्वीन साइझ, असं बरंच त्यातून निघालं. वेळ आणि डोकं खर्च होतं ते रेषा सुरू होण्याआधी आणि दोन ओळींच्या मध्ये.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. घरच्या मशीनवर आपण कापड सुईखालून सरकवतो. इथे कापड फ्रेमवर ताणलेलं असतं आणि मशीनच रुळांवर चहूकडे फिरतं. पॅन्टोग्राफ म्हणजे साधारण १२ फूट लांबीची कागदाची गुंडाळी, तिच्यावर कुठेही न तुटणाऱ्या रेषेत छापलेली नक्षी. ती मशीनच्या मागच्या टेबलावर पसरायची, आपणही मागे उभं राहायचं आणि मशीनला लावलेला लेझर रेषेवरून न्यायचा. लेझर जसा फिरेल तशी पलीकडे सुई फिरते. एक ओळ झाली की क्विल्ट गुंडाळून पुढे घ्यायची आणि पुढची ओळ धरायची.

नक्षी निवडताना सुंदर काय दिसतं ते आधी बघू नका, चूक कशात लपते ते बघा. वेडीवाकडी वळणं, पानं, वेली, ढगांसारखे लूप यांत हात पाव इंच हलला तरी कोणाला कळत नाही. सरळ रेषा, टोकदार कोपरे आणि गोल मात्र लगेच चुगली करतात. बॅप्टिस्ट फॅन ही पंख्यासारखी नक्षी प्रत्येक नवशिक्याला आवडते, मलाही आवडते. पण त्यातले एकात एक कमानी कंस जरा जरी डगमगले तरी डोळ्यांत खुपतात, आणि दोन ओळींमधली फट तर दारातूनच दिसते. रंगाचंही तसंच आहे. टॉपला, म्हणजे क्विल्टच्या वरच्या थराला, मिळताजुळता दोरा घेतला तर थरथर झाकली जाते. गडद निळ्यावर पांढरा दोरा कितीही मोहात पाडो, तो हात बसल्यावर.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट मात्र कागदाच्या वेष्टनावर बारीक अक्षरात असते: नक्षीची उंची. मी वापरते त्या मशीनचा गळा, म्हणजे सुईपासून मागच्या खांबापर्यंतची जागा, १८ इंची आहे, पण १८ इंच शिवायला मिळत नाहीत. मशीनचा मागचा भाग जागा खातो आणि पूर्ण झालेली क्विल्ट त्या गळ्यातच गुंडाळली जाते. काम जसं पुढे सरकतं तसा रोल जाड होत जातो आणि शिवायची पट्टी अरुंद होते. मोठ्या क्विल्टच्या शेवटच्या ओळींत हे अंतर चांगलंच जाणवतं. म्हणून १० इंचांच्या आतले पॅन्टो मला सोयीचे पडतात. त्याहून उंच नक्षीने ओळी कमी होतात हे खरं, पण शेवटच्या ओळीला मशीन रोलला आपटायला लागलं की सगळी बचत वाया जाते.

नक्षी किती दाट हेही बघायला हवं. दाट नक्षीने क्विल्ट पुठ्ठ्यासारखी ताठ होते आणि दोरा वारेमाप लागतो. फार विरळ केली तर बॅटिंग, म्हणजे मधला मऊ थर, धुण्यात सरकतं. किती अंतरापर्यंत चालेल ते बॅटिंगच्या पाकिटावरच दिलेलं असतं. हॉब्ज कंपनीच्या ८०/२० ला ४ इंच, वॉर्म अँड नॅचरल या बॅटिंगला १० इंच, म्हणजे फरक केवढा ते बघा. माझ्या आजीच्या गोधडीत हा प्रश्नच नव्हता. जुन्या लुगड्यांचे थर आणि कडेकडेने आत येत जाणारा धावदोरा, त्यात सरकायला काही शिल्लकच राहायचं नाही.

आता ओळी जुळवण्याबद्दल. पॅन्टो घेताना त्यावर शेजारची ओळ तुटक रेषेत छापलेली आहे ना, एवढं नक्की बघून घ्या. ती नसेल तर नवशिक्याने तो कागद घेऊच नये. माझी पद्धत अशी: ओळ संपली की शिवलेल्या नक्षीतला एखादा ठळक बिंदू हेरायचा, समजा पानाचं टोक. मग लेझर कागदावरच्या तुटक ओळीतल्या त्याच टोकावर आणायचा आणि मशीन दोन्ही दिशांनी लॉक करायचं. आता क्विल्ट हळूहळू गुंडाळत राहायची, शिवलेलं टोक बरोबर सुईखाली येईपर्यंत. चाकाने सुई खाली घेऊन टोकाला लागते का ते बघायचं. हे डावीकडे झालं की उजव्या टोकालाही करायचं, कारण क्विल्ट एका बाजूने अर्धा इंच जास्त गुंडाळली जाणं अगदी सहज घडतं. आणि एकदा जुळलं की लेझरला कोपरही लागू द्यायचं नाही. तो हलला तर पुढची अख्खी ओळ तेवढीच हलते.

शिवताना नजर ठिपक्यावर नको, ठिपक्याच्या थोडी पुढे रेषेवर हवी. हँडल घट्ट धरलं की वळणं कोनाकोनात येतात. बोटं सैल ठेवून, खांद्यातून मशीन नेलं की तीच रेषा गोल होते. स्टिच रेग्युलेटर मी इंचाला १० टाक्यांवर ठेवते. रेग्युलेटर टाक्यांची लांबी सांभाळतो, पण आपल्या घाईवर त्याच्याकडे इलाज नाही. वळणावर वेग वाढला तर मागच्या बाजूला दोऱ्याचे बारीक लूप पडतात, त्यांना इथे पापण्या म्हणतात, आणि दिसतातही तसेच. म्हणून काठाच्या बाहेरच्या बॅटिंगवर चार वळणं काढून फ्रेमखाली हात घालून मागची बाजू चाचपून बघायची. बोटाला दोरा उठून लागला तर दोऱ्याचं टेन्शन तिथेच सुधारायचं.

पॅन्टोची खरी अडचण ही की आपण मागे उभे असतो आणि क्विल्ट पुढे. बॉबिन संपली, दोरा तुटला, एखादी जाड शिवण सुईच्या पायात अडकली, काहीच दिसत नाही. मशीनचा आवाज बदलतो, तेवढीच सूचना. म्हणून प्रत्येक ओळ भरलेल्या बॉबिनने सुरू करायची, हा माझा नियम. बॅकिंग, म्हणजे खालचं कापड, दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या कडेच्या क्लिपांवरही लक्ष ठेवावं लागतं. त्यांच्या पट्ट्या फार ताणल्या तर मशीन त्यांवर चढून धक्का खातं आणि लेझर रेषेबाहेर उडतो. बॅकिंग टॉपपेक्षा चारी बाजूंनी ४ इंच मोठं का मागतात ते अशा वेळी कळतं.

पैशांचं गणित: इथे एज टू एज, म्हणजे कडेपासून कडेपर्यंत एकच नक्षी, करून देणारे बरेचजण चौरस इंचाला २ ते ३ सेंट घेतात. ६० बाय ८० ची क्विल्ट म्हणजे ४,८०० चौरस इंच, म्हणजे ९६ ते १४४ डॉलर, बॅटिंग वेगळं. तासाच्या भाड्याने मला सुरुवातीला तेवढेच पडत होते, कारण निम्मा वेळ फ्रेमवर चढवण्यातच जायचा. आता निम्म्याच्या आसपास येतं. कागद एकदा घेतला की कितीही वेळा वापरता येतो. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला हे कष्ट नाहीत, नक्षी तेच शिवतं. पण ओळ जुळवणं आणि ताण बघणं तिथेही माणसालाच करावं लागतं, आणि वर्षाला चारपाच क्विल्ट करणाऱ्यासाठी तो खर्च मला तरी पटत नाही.

तीनच कागद घेऊन मी इतके महिने काढले: एक पानांचा, एक लूपचा, एक मुलांच्या क्विल्टसाठी ढगांचा. ह्यूस्टनच्या क्विल्ट फेस्टिव्हलमध्ये गुंडाळ्यांचे ढीग लागतात आणि तिथे हात आवरणं अवघड जातं. नवशिक्याने पहिल्या खेपेला एकच घ्यावा, ८ ते १० इंची, पानांचा किंवा वेलीचा, आणि तोच दोनतीन क्विल्टवर वापरावा.