एफट्रेस, बीपीएफट्रेस की एलटीटीएनजी? अनेक कोरवर पसरलेला कर्नल बग शोधताना

लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कोसळतो प्रोसेसरच्या एका कोरवर आणि खरी चूक बरेचदा झालेली असते दुसऱ्याच कोरवर. पाचव्या कोरने मोकळी केलेली मेमरी दुसऱ्या कोरवरच्या इंटरप्टने (हार्डवेअरच्या मध्येच येणाऱ्या हाकेने) वापरली, की ऊप्समध्ये, म्हणजे कर्नलच्या चूक-अहवालात, नाव दुसऱ्याचं येतं. म्हणून शोधाचं साधन (शीर्षकातली तिन्ही कर्नलमधल्या घटना टिपणारी साधनं आहेत) निवडण्याआधी स्वतःला विचारा: घटनांचा क्रम हवाय की मोजदाद?

प्रिंटके, म्हणजे कर्नलच्या कोडमधून संदेश छापणं, इथे उपयोगाचं नाही. ११५२०० बॉडच्या सिरीयल कन्सोलवर ८० अक्षरांची एक ओळ जायला सुमारे ७ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात २ गिगाहर्ट्झच्या कोरची १ कोटी ४० लाख चक्रं होतात. दोन कोरमधली शर्यत (आधी कोण पोहोचतं यावर बग अवलंबून असतो ती) तेवढ्यात मोडते आणि बग गायब होतो. केजीडीबी हा कर्नलचा डीबगर तर सगळेच कोर थांबवतो. मशीन आधीच अडकून पडलं असेल तेव्हा तो घ्या.

क्रम हवा असेल तर माझं मत ठाम आहे: एफट्रेसपासून सुरुवात करा. स्टीव्हन रोस्टेड यांचं हे साधन २००८ मध्ये २.६.२७ आवृत्तीपासून कर्नलमध्येच आहे. छोट्या बोर्डवर कॅट आणि एको एवढ्या दोन कमांड असल्या तरी भागतं. प्रत्येक कोरला स्वतःचा रिंग बफर (भरला की जुन्या नोंदींवर नव्या लिहिणारी जागा) असल्यामुळे नोंद करताना कोर एकमेकांसाठी खोळंबत नाहीत, म्हणून बगची वेळ फारशी हलत नाही. प्रत्येक ओळीत प्रोसेसचं नाव, चौकटी कंसात कोरचा नंबर, इंटरप्ट बंद होते का याची खूण आणि मायक्रोसेकंदांपर्यंतची वेळ मिळते. कर्नलशार्क या चित्ररूप दर्शकात तोच ट्रेस (नोंदींची यादी) उघडला की कोर एकाखाली एक दिसतात आणि कोण कुणाला जागं करतंय ते नजरेत भरतं.

पण घड्याळ आधी तपासा. जुन्या कर्नलच्या एका आठ कोरच्या बोर्डवर मला थ्रेड आधी जागा झालेला आणि त्याला उठवणारी हाक नंतर आलेली दिसत होती. दोन दिवस मी शेड्युलरवर (कोणता थ्रेड कधी चालेल ते ठरवणाऱ्या भागावर) संशय घेत होतो. ट्रेसचं घड्याळ 'लोकल' होतं आणि कोरांच्या वेळा आपसात जुळत नव्हत्या. 'ग्लोबल' केलं, क्रम सरळ झाला. ते थोडं हळू चालतं, तरी कोरांमधला क्रम शोधताना ती किंमत मोजावीच.

ऊप्स झाल्यावर बफर आपोआप कन्सोलवर ओतण्याची सोयही आहे. त्या सेटिंगला १ दिलं तर सगळ्या कोरांचे बफर येतात, २ दिलं तर फक्त कोसळलेल्या कोरचा. अशा बगसाठी १ च द्या, कारण गुन्हेगार दुसरीकडे असतो. मात्र बफर आधी लहान करा. नेहमीचा कोरमागे १४०८ केबीचा बफर आठ कोरांवर भरला, तर त्याच सिरीयल लाइनवरून बाहेर यायला पाव तासाहून जास्त लागेल.

बीपीएफट्रेस वेगळ्या प्रश्नाला उत्तर देतं. कोणत्या कोरवर लॉकची (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाची) वाट जास्त पाहिली जाते, इंटरप्ट एकाच कोरवर साचतात का, याची मोजदाद आणि हिस्टोग्राम ते कर्नलच्या आतच करतं, लाखो ओळी बाहेर काढाव्या लागत नाहीत. चालू सर्व्हरवरची मंदगती शोधायला मी हेच घेईन. पण वेगवेगळ्या कोरवरून छापलेल्या ओळी घडल्या त्याच क्रमाने येतील असं धरून चालू नका. शिवाय मशीन पॅनिक झालं (कर्नल पुरता थांबला) की, क्रॅश डंप (त्या क्षणीच्या मेमरीची प्रत) घेतलेला नसेल तर, मोजलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं.

एलटीटीएनजीचे मोड्यूल (कर्नलला जोडायचे तुकडे) तुमच्या कर्नलसाठी वेगळे बांधावे लागतात, हा त्रास खरा. पण तासन्‌तास रेकॉर्डिंग करायचं असेल आणि अॅप्लिकेशन व कर्नल दोन्हींच्या घटना एकाच काळरेषेवर हव्या असतील, तर तो त्रास सोसण्यासारखा आहे. हा ट्रेस 'ट्रेस कंपास' या दर्शकात उघडल्यावर अॅपमधली विनंती कोणत्या कोरवर जाऊन अडली, ते माग काढत पाहता येतं.

कोणतंही घ्या, ट्रेस वाचायला बसण्याआधी नोंदी गळाल्या का ते बघा. एफट्रेसमध्ये प्रत्येक कोरच्या आकडेवारीत 'ओव्हररन' असतो. पाचव्या कोरवर तो शून्य नसेल, तर तिथल्या जुन्या नोंदी पुसल्या गेल्यात. मेमरी मोकळी केल्याची ओळ कदाचित त्यांतच होती.