अशर सिंड्रोम, ‘स्टेम सेल’ आणि आमचे साडेतीन लाख

माझ्या धाकट्या भावाला अशर सिंड्रोम आहे, टाइप 2. जन्मापासून ऐकायला कमी येतं, आणि शाळेत असल्यापासून नजर कडांकडून आत आत कमी होत चालली आहे. ‘स्टेम सेल’ने, म्हणजे इतर पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशींनी, कान-डोळे दोन्ही सुधारतात असं सांगून एका सेंटरने आमच्याकडून साडेतीन लाख रुपये घेतले. तक्रार चालू आहे, म्हणून सेंटरचं नाव देत नाही. पण त्यांची रीत इतकी ठरलेली होती की हे आत्ताही कुठल्यातरी घराबरोबर चालू असणार, याची मला खात्री आहे.

हा आजार आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच होतो. त्या दोघांना स्वतःला काहीही होत नाही. माझी आई म्हणजे बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्याकडे अशी लग्नं किती होतात हे सांगायला नको. सेंटरच्या ‘काउन्सेलर’ बाईंनी फोनवर पहिल्या पाच मिनिटांत आईला विचारलं, “नात्यातलं लग्न आहे का?” आई हो म्हणाली. त्यावर त्या म्हणाल्या, “मग मुलासाठी आता जे हातात आहे ते तरी करा.” पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे. जनुकं कुणी निवडून देत नाही. हे ज्यांना पक्कं माहीत होतं त्यांनीच माझ्या आईच्या मनावरच्या ओझ्याचे पैसे केले.

मग घाई सुरू झाली. “नस सुकत चालली आहे, सहा महिन्यांनी आलात तर आम्हीही काही करू शकणार नाही.” खरं तर या आजारात आधी दृष्टिपटलावरच्या (रेटिनावरच्या) अंधारात बघणाऱ्या पेशी मरतात. म्हणून रातांधळेपणा येतो, मग नजर बोगद्यातून पाहिल्यासारखी होते. हे वर्षानुवर्षं, कित्येकांत दशकानुदशकं चालतं. सहा महिन्यांची मुदत आजाराने घातलेली नव्हती.

बाबांना त्यांनी एक कात्रण दाखवलं: ‘अमेरिकेत अंधत्वावरच्या जीन थेरपीला मंजुरी.’ बातमी खोटी नव्हती. 2017 मध्ये लक्सटर्ना या जीन थेरपीला, म्हणजे पेशींत चांगलं जनुक पोचवणाऱ्या उपचाराला, मंजुरी मिळाली, पण ती आरपीई65 या एकाच जनुकातल्या दोषासाठी. माझ्या भावाचा दोष युएसएच2ए या जनुकात आहे. ते जनुक इतकं मोठं आहे की अशा थेरपीत जो विषाणू वाहक म्हणून वापरतात त्यात ते मावतच नाही. शिवाय सेंटर देणार होतं ती जीन थेरपी नव्हतीच. कात्रण एका गोष्टीचं आणि पावती दुसऱ्याच गोष्टीची.

कमरेच्या हाडातून त्यातला मगज (बोन मॅरो) काढला, काही तासांत ‘पेशी वेगळ्या केल्या’ आणि त्याच दिवशी दोन्ही डोळ्यांमागे इंजेक्शनं दिली. कानांसाठी म्हणून सलाइनमधून वेगळा डोस. प्रयोगाच्या टप्प्यातला उपचार दोन्ही डोळ्यांवर एकदमच करणं किती धोक्याचं आहे, हे फ्लोरिडातल्या तीन स्त्रियांच्या प्रकरणावरून जगाला कळलेलं आहे. 2015 मध्ये त्यांनी प्रत्येकी 5,000 डॉलर भरून एका क्लिनिकमध्ये दोन्ही डोळ्यांत अशी इंजेक्शनं घेतली आणि असलेली नजरही घालवून बसल्या. त्यांची इंजेक्शनं थेट डोळ्याच्या आत होती, भावाची बाहेरून. तो वाचला, एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भावाला फरक पडला. महिन्याभरात तो म्हणाला, “ताई, अक्षरं जरा स्वच्छ दिसतायत.” नजर तपासायच्या तक्त्यावर तो खरोखरच एक ओळ आणखी खालची वाचू लागला. आई देवाला नारळ फोडून आली. सेंटरने त्याचा व्हिडिओ घेतला आणि पुढच्या ‘सिटिंग’साठी आणखी दीड लाख मागितले.

त्या काळात भावाच्या बोटांना मुंग्या येत होत्या आणि लघवीला सारखं जावं लागत होतं. सेंटरने “पेशींना आधार” म्हणून नाव नसलेल्या पुडीत पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या. आमच्या नेहमीच्या रेटिनाच्या डॉक्टरांनी मुंग्यांचं ऐकताच गोळी मागून घेतली. त्यांनी ओसीटीचा, म्हणजे दृष्टिपटलाच्या थरांच्या स्कॅनचा, जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवला. जुन्यात दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज होती, नव्यात ती उतरली होती. अशा रुग्णांत ही सूज बऱ्याचदा येते आणि ॲसिटाझोलमाइड नावाच्या स्वस्त, जुन्या गोळीने बऱ्याच जणांत ती कमी होते. मुंग्या हा त्याच गोळीचा परिणाम. गोळ्या संपल्यावर सूज परत आली, अक्षरं पुन्हा पुसट झाली. मग डॉक्टरांनी रक्त तपासून, मूत्रपिंड आणि सल्फाच्या ॲलर्जीची विचारपूस करून तेच औषध रीतसर सुरू केलं, आणि अक्षरं पुन्हा सुधारली. नजरेचा घेर मात्र तेव्हाही होता तेवढाच राहिला होता आणि आताही तेवढाच आहे. सेंटरने तो कधी नीट मोजलाच नाही.

कानांचं तर आणखी सोपं होतं. त्यांच्याकडच्या मुलाने ‘तपासायला’ म्हणून श्रवणयंत्र घेतलं आणि त्याची सेटिंग वाढवून परत दिलं. घरी आल्यावर कुकरची शिट्टी भावाला सहन होईना, तेव्हा आमच्या ऑडिऑलॉजिस्टनी ते उघड केलं.

म्हणून सांगते, “फरक पडला” असं सांगणारा रुग्ण खोटं बोलत असेल असं नाही. माझा भाऊ खरंच बोलत होता, आणि त्याचा व्हिडिओ अजूनही कुणाला तरी दाखवला जात असेल. व्हिडिओतल्या माणसाला विचारायचं ते हे: उपचाराच्या आधीचा आणि नंतरचा ओसीटी, नजरेच्या घेराची चाचणी आणि ऑडिओग्राम (ऐकण्याची चाचणी) दुसऱ्या ठिकाणी केला होता का, आणि सोबत कोणत्या गोळ्या चालू होत्या.

आमची संमतीपत्रं इंग्रजीत होती. बाबांनी सही केली तेव्हा कुणी वाचून दाखवली नाहीत. त्यात बारीक अक्षरांत ‘प्रायोगिक’ असं लिहिलेलं होतं. बिलावर स्टेम सेलचा उल्लेख नाही, फक्त ‘डे केअर प्रोसिजर’. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारांत स्टेम सेलचा वापर फक्त परवानगी घेतलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो, आणि खऱ्या ट्रायलमध्ये उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. अंधत्व आणि बहिरेपणा बरा करण्याची जाहिरात करायला तर 1954 च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यानेच बंदी आहे. त्याच्या अनुसूचीत ही दोन्ही नावं आहेत.

तक्रार भावाने स्वतः लिहिली, स्क्रीनवर अक्षरं मोठी करून. पुडी, बिल, व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि दोन्ही ओसीटी जोडले. तुमच्या बाबतीत असं काही झालं असेल तर उरलेल्या गोळ्या आणि कागद टाकून देऊ नका. ग्राहक आयोगात जायला साधारण दोन वर्षांची मुदत असते आणि ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर तेही काढा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहुविकलांगतेखाली ऐकणं आणि पाहणं दोन्ही बाधित असण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. भाऊ आता पांढरी काठी घेऊन चालायला शिकतो आहे, आणि दुसऱ्या ‘सिटिंग’साठी ठेवलेल्या पैशांतून त्याने नवी श्रवणयंत्रं घेतली आहेत.