मेमटेस्ट८६+ आणि आमचा जुना डेस्कटॉप: आठ महिन्यांनंतर

आमचा डेस्कटॉप २०१२ चा: तिसऱ्या पिढीचा कोअर आय३, डीडीआर३ रॅमच्या ४ जीबीच्या दोन स्टिक. गेल्या पावसाळ्यात तो धड चालूच होईना. पंखा फिरायचा, कीबोर्डचे दिवे लागायचे, स्क्रीन काळीच. तीन-चारदा बंद-चालू केल्यावर कधी विंडोज यायचं आणि तासाभरात निळी स्क्रीन. दुकानात सांगितलं, मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या.

तरी मी रॅमच्या स्टिक काढून सोनेरी पिन खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या, परत बसवल्या आणि स्क्रीन लगेच आली! काम झालं असं वाटलं. आठवड्याने आईचे फोटो पेनड्राइव्हवरून कॉपी केले, तर काही फोटो अर्ध्याच्या खाली राखाडी. पेनड्राइव्हवर तेच फोटो ठणठणीत. खोडरबराने पिनांवरचा थर जातो, आतली चिप दुरुस्त होत नाही, हे तेव्हा ध्यानात आलं.

मग मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाकलं. हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर: रॅममध्ये आकडे लिहून परत वाचून बघतं. फुकट आहे, विंडोजशिवाय थेट चालतं. पहिली फेरी स्वच्छ गेली. मी तिथेच थांबलो असतो तर फसलो असतो. पहाटे तिसऱ्या फेरीत लाल ओळी दिसल्या. लिहिलेला आकडा आणि वाचलेला आकडा यांत फक्त एका बिटाचा, म्हणजे एका ०-१ चा फरक. पुढच्या रात्री एकेकच स्टिक लावली, मग स्लॉट बदलून पाहिलं. चूक स्टिकबरोबर फिरली, म्हणजे स्लॉट आणि बोर्ड शाबूत.

दरम्यान विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती. मेमटेस्ट रॅममधल्या खराब जागांचे पत्ते ग्रबला (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमला) चालतील अशा रूपात देतं. ते ग्रबच्या सेटिंगमधल्या बॅडरॅमच्या ओळीत भरले की तेवढी जागा लिनक्स वापरत नाही. अडीच महिने हे छान चाललं. नंतर नवेच पत्ते बिघडू लागले. माझं मत स्पष्ट आहे: ही सोय तात्पुरती, महत्त्वाचं काम त्यावर ठेवू नका.

शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेली ४ जीबीची स्टिक आणली, बिघडली तर परत घ्यायच्या बोलीवर, आणि तीही रात्रभर तपासली. तेव्हापासून मशीन एकदाही अडलेलं नाही. बिघाडाच्या काळात घेतलेला बॅकअप मात्र अजून एकेक फाइल उघडून तपासतोय. आतापर्यंत एकोणीस फोटो खराब निघाले, त्यातल्या चौदांचे मूळ आईच्या फोनमध्ये सापडले.