पहिला सर्फबोर्ड घरी घडवताय? फिश, लाँगबोर्ड की एग

गोव्यात आश्वे-मांद्र्याला भाड्याच्या बोर्डवर दोन-तीन हंगाम काढले की हुक्की येतेच: आता बोर्ड आपणच घडवायचा. आणि मन बसतं ते नेमकं फिशवर. आखूड, रुंद, मागे माशाच्या शेपटीसारखा दुभंगलेला. माझा पहिला बोर्ड फिशच होता. तो आता पडवीत उभा असतो आणि मी पाण्यात दुसराच घेऊन जातो. तुमचा थर्माकोलचा ठोकळा अजून कापायचा असेल, तर आधी दोन गोष्टी बघा: आपल्याला लाट कोणती मिळते, आणि आपल्या कच्च्या हाताच्या चुका कोणता आकार पोटात घालतो.

लाटेचं लवकर आटपतं. पावसाळ्यातला खवळलेला समुद्र सोडा. ऑक्टोबर ते मे उत्तर गोव्यात बहुतेक दिवस मिळते ती गुडघा ते कमरेएवढी, वाळूवर मऊ फुटणारी लाट. तिच्यात जोर कमी. सायमन अँडरसनने १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात बेल्स बीचची स्पर्धा मोठ्या लाटांत तीन फिनांच्या (फिन म्हणजे बोर्डच्या तळाला मागे लावलेला पर) थ्रस्टरवर जिंकली, आणि पुढे जगभर तोच आकार रूढ झाला. पण अरुंद, पुढून चांगलाच उचललेला थ्रस्टर पळायला लाटेचा जोर मागतो. आपल्याकडे तो जागच्या जागी बसतो, म्हणून बाद. पोकळ लाकडी बोर्डही बाद. टॉम ब्लेकने १९३२ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं होतं, वस्तू देखणी होते, पण ते सुतारकाम आहे आणि मला सुतारकाम येत नाही.

राहिले तीन: लाँगबोर्ड, फिश आणि एग. तिन्ही थर्माकोलचेच करायचे, कारण बाहेरून तयार फोम मागवायचा तर लांबीमुळे भाडंच अंगावर येतं. गणपतीचं मखर गरम तारेने कापलेल्यांना हे काम परकं वाटणार नाही. फक्त मखराचा थर्माकोल नको, बोटाने दाबला तरी खड्डा पडतो. घनमीटरला २४ ते ३२ किलो घनतेचा मागा. थर्माकोलवर काचतंतूंचं कापड रेझिनने, म्हणजे घट्ट होणाऱ्या द्रवाने, चिकटवून कवच करायचं असतं. पण त्यासाठी होडीवाल्याकडचं रेझिन आणू नका. फायबरच्या होड्यांना लागतं ते पॉलिएस्टर, ते थर्माकोल खातं. मी एका तुकड्यावर चमचाभर ओतून पाहिलं, तर बघता बघता आत खळगा पडला, गरम चहात साखर विरावी तसा. थर्माकोलला इपॉक्सीच लागतं. कापडही होडीची जाड मॅट नव्हे, विणलेलं, २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम) आसपासचं.

आता लाँगबोर्ड. ९ फूट लांब, साडेबावीस इंच रुंद, ३ इंच जाड. नुसत्या लाटेचा विचार केला तर हाच पहिला नंबर. मऊ लाट त्याला लवकर उचलते, वल्हवताना दमछाक होत नाही, पुढे चालत जाता येतं. अडचण घडवण्यात आहे. मला मिळालेला सर्वांत लांब ठोकळा ८ फुटांचा होता, म्हणजे ९ फुटांसाठी सांधा आला. दोन्ही कडा ९ फूटभर सारख्या गोल ठेवायच्या, आणि कुठे अर्धा सेंटिमीटर जास्त घासलं गेलं तर समोरची कडही तितकीच घासायची. अशाने बोर्ड बारीक होत जातो. एवढ्या पृष्ठभागावर रेझिन पसरेपर्यंत आपल्या उकाड्यात भांड्यातलं उरलेलं तापून धूर सोडायला लागतं. दोन माणसं नसतील तर हात घालू नका. आणि पुण्या-मुंबईत राहत असाल तर रात्रीची बस ९ फुटांची वस्तू घेईल का, हे ठोकळा आणण्याआधी विचारा.

फिशबद्दल जरा जास्त सांगतो, कारण फसायची जागा तीच. स्टीव्ह लिसने तो १९६७ च्या सुमारास सॅन डिएगोला घडवला, तोही गुडघ्यांवर बसून चालवण्यासाठी. रुंद आणि सपाट असल्याने मऊ लाटेतही पळतो, हे खरं. कापायलाही तिघांत सोपा: बाजूने पाहिलं तर कमान अगदी कमी. प्लायवूडचे दोन सारखे साचे ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना ठोकायचे आणि गरम तार त्यांच्यावरून ओढत न्यायची, अर्ध्या तासात पोट आणि पाठ तयार. मी इथे खूश झालो होतो.

मग आली शेपटीची खाच. विणलेलं कापड बाहेरच्या वळणावर छान बसतं, पण आतल्या कोपऱ्यात बसायला तयार नसतं. कात्री मारा, तुकडा लावा, रबरी पट्टीने दाबा, हात काढला की ते पुन्हा उठतं. तिथे राहिलेल्या बुडबुड्यातून दुसऱ्या महिन्यात पाणी आत गेलं. शिवाय फिशला दोन फिन, आणि त्यांची पुढची टोकं मधल्या रेषेकडे किंचित वळलेली, दोन्ही अगदी सारखी. माझी ४ मिलिमीटरनी चुकली. चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? बोर्ड एका बाजूला ओढतो, मोडक्या हँडलच्या सायकलसारखा.

एग म्हणजे नावाप्रमाणे अंडाकृती: ७ फूट, साडेएकवीस इंच, पावणेतीन इंच. फोटोत कुणी वळून बघत नाही. पण ८ फुटांच्या ठोकळ्यात तो सांध्याशिवाय निघतो. मागचं टोक गोल, त्यामुळे कापड कडेवरून चापूनचोपून बसतं. कडा वर-खाली सारख्या गोल असतात, डावी-उजवीत थोडा फरक राहिला तरी पाण्यात जाणवत नाही. आणि फिन एकच, मधोमध. तो १० इंची खाचेच्या पट्टीत बसवला की पुढे-मागे सरकवता येतो. वळायला जड वाटला तर स्क्रू ढिला करून बोटभर पुढे घ्या. फिशच्या चिकटवलेल्या फिनांना ही सोय नाही. वळणं मात्र एगवर मोठी, संथ पडतात. झटके देणाऱ्याला तो आळशी वाटेल.

आकारमान कागदावर काढून घ्या. लांबी, रुंदी, जाडी इंचांत गुणायची, ६१ ने भागायचं म्हणजे लिटर, आणि त्याचे ५८ टक्के धरायचे, कारण बोर्ड टोकांना आणि कडांना निमुळता होत जातो. या हिशोबाने लाँगबोर्ड ६९ लिटर, एग ४७, आणि ५ फूट ८ इंच लांब, २१ इंच रुंद, अडीच इंच जाड फिश ३४. नवशिक्याला ७० किलो वजनावर ३४ लिटर कमी पडतात. मी वल्हवून वल्हवून खांदे गमावले आणि लाटा पुढे निघून गेल्या.

म्हणून पहिला बोर्ड एग. वजन साठीच्या आत असेल आणि बोर्डवर झटकन उभं राहता येत असेल तर फिश घ्या, पण खाचेचा सराव आधी भंगार तुकड्यावर करा. लाँगबोर्ड अंगण आणि मदतीला दुसरा माणूस असलेल्याने करावा.

कापड कधी चढवता यानेही फरक पडतो. थर्माकोलच्या दाण्यांत हवा असते, दिवस तापत जातो तशी ती फुगते आणि ओल्या रेझिनमधून बाहेर पडू बघते. एगला मी संध्याकाळी साडेसहाला, हवा गार होत असताना कापड चढवलं आणि तळ काचेसारखा निघाला. फिशला सकाळी अकराला चढवलं होतं. त्याच्या पोटावरचे फोड पडवीत बसून अजून मोजता येतात.