व्हर्च्युअलबॉक्स ७.२ : विंडोज न काढता लिनक्स मिंट वापरून बघायचं असेल तर

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही किंवा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही, एवढ्यावरून विंडोज ११ नाकारणारे धडधाकट लॅपटॉप आज कितीतरी घरांत आहेत. त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टिम (इथे तिची मिंट ही आवृत्ती) टाकावी का, हे ठरवायला आधी डिस्क पुसायची काहीच गरज नाही. विंडोजच्याच आत व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला काल्पनिक संगणक, करून महिनाभर रोजची कामं तिथे करून बघता येतात. त्यासाठी ऑरेकलचं व्हर्च्युअलबॉक्स हे आजही सगळ्यात सरळ साधन आहे. मात्र त्याची एकदोन दुखणी अशी आहेत की ती माहीत नसली, तर माणूस दोष लिनक्सला देतो आणि नाद सोडतो.

इथे गृहीत धरलेलं मशीन म्हणजे विंडोज १० किंवा ११, ८ जीबी रॅम आणि एसएसडी. ४ जीबी रॅमवर हा खटाटोप करूच नये. विंडोज आणि मिंट दोघंही रखडतील. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर रॅम वाढवूनही फार फरक पडत नाही, कारण दोन्ही सिस्टिम एकाच डिस्कवर तुटून पडतात.

इन्स्टॉल करताना दोन गोष्टी अडवतात. मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल नसेल तर सेटअप पुढेच जात नाही. ते मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आधी टाकून घ्यावं. पायथनच्या काही फाइल नाहीत असा इशारा येतो, तो बिनधास्त ओलांडावा, त्याचा साध्या वापराशी संबंध नाही. नेटवर्क ड्रायव्हर बसताना इंटरनेट काही क्षण तुटतं, म्हणून मीटिंग किंवा मोठं डाउनलोड चालू असताना इन्स्टॉल करू नये.

त्याआधी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जावं आणि खाली व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड आहे का ते बघावं. डिसेबल्ड असेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) इंटेलला व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी आणि एएमडीला एसव्हीएम मोड या नावाने ते सापडतं. नवीन मशीन करताना यादीत फक्त ३२-बिट सिस्टिम दिसत असतील, तर बहुतेक वेळा हेच कारण असतं.

आता खऱ्या दुखण्याकडे वळू. मशीन सुरू झालं की खिडकीच्या तळाच्या पट्टीत, उजवीकडे, छोटी चिन्हं दिसतात. त्यात हिरवं कासव दिसलं तर समजावं की प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सुविधा विंडोजच्या स्वतःच्या हायपरव्हायझरने (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या थराने) आधीच धरून ठेवली आहे. व्हर्च्युअलबॉक्सला मग त्याच्यामार्फत, वळसा घेऊन काम करावं लागतं. मशीन चालतं, पण मेनू उघडायला वेळ, टायपिंग मागे, आवाज तुटक. ‘व्हर्च्युअलबॉक्स स्लो आहे’ असं ज्या मशीनवर ऐकू येतं, तिथे आधी हे कासव शोधावं.

ते घालवायचं तर विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, तिथे कोअर आयसोलेशन आणि त्यातली मेमरी इंटिग्रिटी बंद करावी. मग ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ उघडून हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीनचं साधन), व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म या तिन्हींवरची खूण काढावी आणि रीस्टार्ट करावं. तरीही कासव राहिलं तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून बीसीडीएडिट या कमांडने हायपरव्हायझर लाँच टाइप ऑफ करावा लागतो; परत हवा असेल तेव्हा तिथेच ऑटो. याची किंमतही माहीत हवी. मेमरी इंटिग्रिटी ही खरी सुरक्षा आहे, ती गेल्याने विंडोज थोडं उघडं पडतं. शिवाय डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) आणि त्यावर चालणारं डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) बंद पडतं. ज्यांचं कामच डॉकरवर आहे त्यांनी कासव सहन करावं किंवा थेट हायपर-व्ही वापरावं.

मिंटची २२ मालिका उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशनची फाइल, सुमारे तीन जीबीची असते. व्हर्च्युअल मशीनसाठी सिनॅमन डेस्कटॉपपेक्षा एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेली आवृत्ती घ्यावी, हे माझं ठाम मत. सिनॅमनला ग्राफिक्स कार्डाची मदत लागते. ती न मिळाल्यास ‘व्हिडिओ हार्डवेअर ॲक्सिलरेशनशिवाय चालू आहे’ असा इशारा देऊन ते सगळा भार प्रोसेसरवर टाकतं. एक्सएफसीईला असलं काही लागत नाही.

मशीन करताना आयएसओ दिली की सिस्टिमचा प्रकार आपोआप ओळखला जातो. नाही ओळखला तर लिनक्स आणि उबंटू ६४-बिट निवडावं. याच पडद्यावर अनअटेंडेड (आपोआप होणाऱ्या) इन्स्टॉलेशनची सोय आहे. ती बंद करावी. उबंटूच्या बाबतीत ती चालू राहिली तर व्हीबॉक्सयुझर नावाचं खातं आणि चेंजमी हा पासवर्ड घेऊन सिस्टिम तयार होते, आणि त्या खात्याला सुडोचे (ॲडमिनिस्ट्रेटरचे) अधिकारच नसल्याचं पुढे लक्षात येतं. स्वतः दहा मिनिटं बसून इन्स्टॉल केलेलं बरं. शिवाय मिंट खरोखर लॅपटॉपवर टाकायचं ठरलं तर हीच पानं पुन्हा समोर येणार असतात, त्याची तालीमही होते.

रॅम ३०७२ एमबी, प्रोसेसर दोन. रॅमच्या पट्टीवरचा हिरवा भाग संपण्याआधी थांबावं आणि प्रोसेसर खऱ्या कोअरच्या निम्म्याहून जास्त देऊ नयेत. जास्त दिले की होस्ट (विंडोज) आणि गेस्ट (आतलं मिंट) एकमेकांची वाट बघत बसतात. डिस्क ४० जीबी, डायनॅमिक. ही फाइल सुरुवातीला अगदी लहान असते आणि भरेल तशी वाढते. डिस्प्लेत व्हिडिओ मेमरी १२८ एमबीपर्यंत न्यावी, ग्राफिक्स कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीए ठेवावा, थ्रीडी ॲक्सिलरेशन सुरुवातीला बंदच. ७.१ पासून सेटिंग्जला बेसिक आणि एक्स्पर्ट असे दोन थर आले आहेत. एखादा पर्याय सापडत नसेल तर आधी एक्स्पर्ट निवडून बघावा.

मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये ‘इरेज डिस्क अँड इन्स्टॉल’ असं पान येतं आणि बरेच जण तिथे घाबरून थांबतात. आत दिसणारी डिस्क म्हणजे आपण केलेली ४० जीबीची फाइल. विंडोजच्या सी ड्राइव्हला त्याचा हातही लागत नाही, बेशक पुढे जावं. खिडकी छोटी असल्याने खालची बटणं दिसत नसतील तर आल्ट दाबून धरून इन्स्टॉलर माउसने वर ओढता येतो. शेवटी डिस्क काढून एंटर दाबा असं सांगितलं जातं, एंटर पुरे.

यानंतर गेस्ट ॲडिशन्स, म्हणजे गेस्टच्या आत टाकायचे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर. ते नसतील तर स्क्रीन खिडकीच्या मापात बसत नाही आणि विंडोज-मिंटमध्ये कॉपी-पेस्टही होत नाही. आधी सिस्टिम पूर्ण अपडेट करून रीस्टार्ट करावी, मग बिल्ड-इसेन्शियल, डीकेएमएस आणि चालू कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) हेडर्स टाकावेत, आणि डिव्हाइसेस मेनूतून गेस्ट ॲडिशन्सची सीडी लावून ती चालवावी. हेडर्स नसताना चालवलं तर मॉड्यूल तयारच होत नाही, आणि तो संदेश टर्मिनलच्या ओळींत सहज नजरेआड होतो. मिंटच्या रिपॉझिटरीतही (सॉफ्टवेअरच्या साठ्यातही) व्हर्च्युअलबॉक्स गेस्टची पॅकेजेस आहेत. दोन्हींपैकी एकच रस्ता धरावा. दोन्ही टाकली की एकमेकांच्या पायात येतात. व्हर्च्युअलबॉक्स अपडेट केलं की ॲडिशन्सही नव्याने टाकावेत. क्लिपबोर्ड मूळचा बंद असतो, तो डिव्हाइसेसमधून बायडायरेक्शनल करावा. ड्रॅग अँड ड्रॉपच्या भरवशावर मात्र राहू नये, ते कधी चालतं कधी नाही.

फाइल न्यायच्या-आणायच्या तर शेअर्ड फोल्डर. ऑटो-माउंट लावल्यावर फोल्डर मीडियामध्ये एसएफ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावाने दिसतो, पण उघडताना परवानगी नाही असं उत्तर येतं. आपलं खातं व्हीबॉक्सएसएफ या ग्रुपमध्ये घालायचं आणि लॉग आउट करून पुन्हा आत यायचं. लॉग आउट विसरलं की ग्रुप लागू होत नाही. मराठी टायपिंगसाठी आयबस-एम१७एन हे पॅकेज टाकून इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक जोडता येतं. महिन्याभराच्या चाचणीत हे नक्की तपासावं, कारण रोज मराठीत लिहिणाऱ्याचा निर्णय बहुधा इथेच होतो.

नेटवर्क नॅटवरच (विंडोजमार्फत इंटरनेट) राहू द्यावं. गेस्टला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो आणि इंटरनेट चालू होतं. नेटवर्कवरचा प्रिंटर आपोआप सापडत नाही, त्याचा आयपी पत्ता हाताने द्यावा लागतो. ब्रिज्ड मोड (गेस्टला थेट घरच्या नेटवर्कला जोडणारा) वाय-फायवर अनेकदा कुरकुर करतो. यूएसबी प्रिंटर किंवा पेन ड्राइव्ह डिव्हाइसेसमधून आत घेतला की तेवढा वेळ तो विंडोजला दिसत नाही. हा बिघाड नव्हे.

स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था, ही व्हर्च्युअलबॉक्सची सगळ्यात मोलाची सोय. ॲडिशन्स नीट बसल्या की लगेच एक घ्यावा, मग पाहिजे ते मोडावं आणि परत यावं. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही. मूळ डिस्क फाइल बिघडली तर तेही गेलेच, म्हणून महत्त्वाचं मशीन एक्स्पोर्ट करून त्याची ओव्हीए फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. स्नॅपशॉट साठत गेले की डिस्क झपाट्याने भरते आणि ते काढतानाही तात्पुरती मोकळी जागा लागते. सी ड्राइव्ह काठोकाठ भरल्यावर काढायला जाऊ नये. गेस्टमध्ये फाइल पुसल्या तरी डिस्क फाइल आपोआप लहान होत नाही, ती वेगळी कॉम्पॅक्ट करावी लागते.

हेच साधन जुन्या विंडोज एक्सपीसाठीही उपयोगी पडतं. नॉन-युनिकोड मराठी फाँटमध्ये केलेली जुनी डीटीपीची कामं अजून अनेक छापखान्यांना उघडावी लागतात. तिथे डिस्क आयडीई कंट्रोलरवरच ठेवावी. एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा (सॅटा डिस्कसाठी लागणारा) ड्रायव्हर नाही, सॅटा दिलं की निळा पडदा येतो. नेटवर्क तोडून टाकावं, एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पासून सपोर्ट नाही. सॉफ्टवेअरच्या परवान्याचं यूएसबी डोंगल आत घेता येतं, पॅरलल पोर्टच्या डोंगलची आशा धरू नये.

स्पर्धक दोनच. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून ऑफिस वापरासाठीही फुकट आहे आणि त्याचे ग्राफिक्स व्हर्च्युअलबॉक्सपेक्षा सरस आहेत. डाउनलोडसाठी मात्र ब्रॉडकॉमचं खातं काढावं लागतं. सिनॅमनच हवं असणाऱ्यांनी व्हीएमवेअरच घ्यावं. हायपर-व्ही विंडोज होममध्ये मिळत नाही, आणि त्यात लिनक्स डेस्कटॉपचा आवाज व स्क्रीनचं माप यांच्यासाठी जास्तीचे उपद्व्याप करावे लागतात. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग मुक्त परवान्याचा आहे, कार्यालयातही चालतो. एक्स्टेन्शन पॅक (जास्तीच्या सोयींची जोड) मात्र फक्त वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरासाठी फुकट आहे. वेबकॅम आत घ्यायचा नसेल किंवा दुरून मशीन उघडायचं नसेल तर तो टाकायचं कारण नाही. यूएसबी ३ साठी तो लागायचा, ७.० पासून तेही मूळ भागात आलं आहे.

या चाचणीतून लॅपटॉपबद्दल मात्र काहीच कळत नाही. गेस्टला वाय-फाय कार्ड दिसतच नाही, इंटेलचं एक काल्पनिक वायर्ड कार्ड दिसतं. टचपॅड, स्लीपमधून जागं होणं, बॅटरी, ब्राइटनेसच्या कळा, फिंगरप्रिंट यांची परीक्षा होत नाही. म्हणून मिंट पसंत पडलं की तीच आयएसओ रुफस या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर उतरवावी, लॅपटॉप त्यावरून सुरू करावा आणि इन्स्टॉल न करता वाय-फाय जोडून एखादा व्हिडिओ लावावा, झाकण मिटून पुन्हा उघडावं.